वाद्य तेच, आवाज ज्याचा त्याचा

लग्नसराईत आपल्या गावात बँड येतो, तेव्हा त्यात एक पितळी वाद्य तुम्ही पाहिले असेल. मान वाकडी, पोट पुढे आलेले आणि अंगभर चाव्या. त्याचे नाव सॅक्सोफोन. बेल्जियमच्या आदोल्फ साक्स या कारागिराने ते घडवले आणि १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले. ते लष्करी बँडात शिरले आणि हिंडत हिंडत आपल्या वरातीपर्यंत येऊन पोचले. वरातीत या वाद्याकडून आपली अपेक्षा काय असते? सिनेमातले गाणे जसेच्या तसे वाजले पाहिजे. वाजवणाऱ्याने मधेच आपल्या मनाची चार वळणे घेतली, तर नवरदेवाचे मित्र लगेच म्हणतात, "अहो, गाणं वाजवा की नीट!" आणि त्यांचे तरी काय चुकले? त्यांना नाचायचे असते.

हेच वाद्य अमेरिकेतल्या जॅझ नावाच्या संगीतात गेले की नियम उलटा होतो. तिथे कुणी दुसऱ्याचे जसेच्या तसे वाजवले, तर जाणकार मान हलवतात आणि विचारतात, "हे तर आम्ही ऐकलेलंच आहे. तुझं स्वतःचं काय?" हा प्रश्न सोपा दिसतो. पण त्याचे उत्तर शोधण्यात कित्येक वादकांचे आयुष्य गेले. ते उत्तर त्यांनी कसे शोधले, हे मला आज सांगायचे आहे.

आरंभीच एक कबुली देतो. मी संगीताचा पंडित नव्हे. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. मुंबईला एम.ए. करीत असताना वसतिगृहात माझ्या खोलीत गोव्याचा एक मित्र होता, त्याच्या कॅसेटींमुळे मला हा नाद लागला. आज त्याविषयी बोलतो आहे, ते मात्र शिक्षक म्हणून. कां, ते शेवटी सांगेन.

प्रथम जॅझ म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपास, अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरात हे संगीत आकाराला आले. ते घडवले मुख्यतः कृष्णवर्णीय लोकांनी. त्यांचे वाडवडील आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले. शेतात राबताना गायची गाणी, चर्चमधली भजने आणि रस्त्यावरच्या बँडांचे कूच, हे सगळे त्यात मिसळले. जॅझची पहिली तबकडी १९१७ साली निघाली.

या संगीतात ठरलेले काय असते आणि मोकळे काय असते? समजा, एक गाणे आहे. चार मात्रांचे एक माप धरले, तर अशी बत्तीस मापे झाली की गाणे एकदा पुरे होते. त्या बत्तीस मापांखाली कॉर्डची एक रांग ठरलेली असते. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या तीन-चार स्वरांचा मेळ; पेटीवाले हे जाणतात. वादक पहिल्या फेरीत गाण्याची चाल वाजवतात. मग चाल सोडून देतात. ठेका तोच, कॉर्डची रांग तीच, बत्तीस मापे तीच. पण त्यावर एकेक जण पुढे येऊन त्या क्षणी सुचेल ती नवी चाल बांधतो. आपल्या गवयांचा शब्द वापरायचा तर ही उपज. आपले भजनीबुवा एकच अभंग घेऊन दर खेपेला वेगळ्या वळणाने समेवर येतात, ते आठवा, म्हणजे कल्पना येईल.

आता गंमत अशी की, बत्तीस मापे सर्वांना सारखी, कॉर्ड सारख्या, वाद्यही तेच. तरीही जाणता श्रोता दोन-चार स्वर ऐकून सांगतो, "हा अमका वाजवतोय." ओटीवरून हाक आली, तर न बघता आपण ओळखतो ना, की हे शेजारचे दादा आहेत? तसेच. यालाच जॅझवाले वादकाचा आवाज म्हणतात. आवाज म्हणजे नुसता नाद नव्हे. स्वर कसा उचलायचा, कुठे थांबायचे, कुठे घाई करायची, काय गाळायचे, ही सगळी त्या माणसाची बोलण्याची ढब.

ही ढब येते कुठून? पुष्कळांना वाटते, जो कुणाची नक्कल करीत नाही, त्याचा आवाज स्वतंत्र. जॅझचा इतिहास पाहिला तर हे खोटे ठरते. यातला प्रत्येक थोर वादक आधी पक्का नकलाकार होता.

चार्ली पार्करचे उदाहरण घेऊ. हा १९२० साली जन्मला, कॅन्सस सिटी या शहरात वाढला. सोळा-एक वर्षांचा असताना तो एका क्लबात नामांकित वादकांच्या मेळ्यात सॅक्सोफोन घेऊन उभा राहिला. मधेच त्याची लय आणि कॉर्ड, दोन्ही चुकली. तेव्हा ड्रम वाजवणाऱ्या जो जोन्सने आपली झांज काढून त्याच्या पायांजवळ फेकली, अशी गोष्ट सांगतात. अर्थ असा, की बाळ, आता उतर. लोक हसले. पुढच्याच वर्षी, १९३७ च्या उन्हाळ्यात, पार्कर ओझार्क नावाच्या डोंगराळ भागात एका नोकरीसाठी गेला. जाताना त्याने काउंट बेसीच्या वाद्यवृंदाच्या तबकड्या बरोबर नेल्या. त्यांत लेस्टर यंग या सॅक्सोफोनवादकाची उपज होती. तो उन्हाळाभर पार्करने ती एकेक स्वर करून आपल्या वाद्यावर उतरवली. परत आला तो वेगळाच माणूस होऊन. आणि आणखी काही वर्षांनी तो जे वाजवू लागला, ते लेस्टर यंगसारखे मुळीच नव्हते. यंग शांत, रेंगाळणारा. पार्कर विजेसारखा. नकलेच्या तळाशी जाऊन तो पलीकडे निघाला.

ही नक्कल करतात कशी, हेही सांगतो, कारण शिक्षकांना त्यात रस वाटेल. तबकडीवरचा छोटासा तुकडा पुन्हा पुन्हा ऐकायचा. आधी तो तोंडाने म्हणता आला पाहिजे. गळ्यात बसला की मग वाद्यावर काढायचा, आणि तोही श्वासासकट, थांबण्यासकट. मग तोच तुकडा दुसऱ्या पट्टीत. कर्णावादक क्लार्क टेरी, जे २०१५ साली वारले, यांनी पुष्कळ तरुणांना हाताखाली शिकवले. ते तीन पायऱ्या सांगत: आधी अनुकरण करा, मग ते अंगी जिरवा, मग आपले नवे काढा. यातली मधली पायरी महत्त्वाची. खाल्लेले अंगी लागायला वेळ लागतो. तो वेळ जो देत नाही, तो जन्मभर पहिल्या पायरीवरच राहतो.

आता ज्याची नक्कल पार्करने केली, त्या लेस्टर यंगकडे वळू. माझ्या आजच्या बोलण्याचा मध्य तोच आहे.

१९३० च्या दशकात टेनर सॅक्सोफोनवर एकच नाव घेतले जाई, कोलमन हॉकिन्स. त्याचा नाद रुंद, भरदार, कंप असलेला. डफावर थाप मारून उभ्या राहिलेल्या शाहिराचा आवाज असतो ना, तसा. कॉर्डचा एकही कोपरा तो मोकळा सोडत नसे. १९३९ साली त्याने 'बॉडी अँड सोल' या गाण्याची तबकडी वाजवली. मूळ चाल जेमतेम आरंभी दाखवली आणि पुढे दोन फेऱ्यांत सगळी आपली उपज. ती तबकडी आजही जॅझ शिकणारे पाठ करतात.

हा हॉकिन्स न्यूयॉर्कच्या फ्लेचर हेंडरसन यांच्या वाद्यवृंदात होता. १९३४ साली तो युरोपला निघून गेला. त्याच्या जागी हेंडरसन यांनी लेस्टर यंगला बोलावले. यंगचे वय पंचवीसच्या आसपास. त्याचा नाद हलका, सडपातळ, कंप जवळजवळ नाहीच. शाहीर नव्हे; संध्याकाळी ओसरीवर बसून हळू आवाजात बोलणारा माणूस. वाद्यवृंदातल्या बाकीच्या वादकांना ते पसंत पडेना. त्यांचे म्हणणे, हा टेनर वाटतच नाही.

यंग हेंडरसन यांच्याच घरी राहत होता. हेंडरसन यांची पत्नी लिओरा, स्वतः कर्णा वाजवणारी बाई, मनाने चांगली. तिला वाटले, या पोराचे भले करावे. म्हणून ती त्याला रोज हॉकिन्सच्या तबकड्या ऐकवी. सांगणे असे, की बाबा, हे असे वाजव. यंग ऐकून घेई. तिचे मन मोडू नये म्हणून गप्प बसे. पण काही महिन्यांनी त्याने ठरवले, की हे आपल्याच्याने होणार नाही. त्याने हेंडरसन यांच्याकडून, याला काढून टाकलेले नाही, अशी चिठ्ठी मागून घेतली आणि न्यूयॉर्क सोडून परत कॅन्सस सिटीची वाट धरली.

श्रोतेहो, त्या वेळी त्याच्याजवळ काय होते? नाव नव्हते, पैसा नव्हता, आणि अमेरिकेतल्या सर्वांत नावाजलेल्या वाद्यवृंदातली जागा हातची गेली होती. होता तो एक आवाज, जो ऐकणाऱ्यांना दुबळा वाटत होता. १९३६ साली काउंट बेसीच्या मेळ्यातल्या मोजक्या वादकांबरोबर त्याची पहिली तबकडी निघाली. तरुण वादकांनी ती ऐकली आणि त्यांना कळले, की सॅक्सोफोनवर असेही बोलता येते. गायिका बिली हॉलिडेने त्याला 'प्रेझ' म्हणजे राष्ट्राध्यक्ष अशी पदवी दिली, आणि ती कायमची चिकटली. तो १९५९ साली वारला.

पण थांबा. हा आवाज यंगला आकाशातून मिळाला होता का? नाही. त्यानेच पुढे सांगितले आहे, की लहानपणी तो फ्रँकी ट्रम्बाउअर या गोऱ्या वादकाच्या तबकड्या जवळ बाळगी. ट्रम्बाउअरचा सॅक्सोफोन वेगळ्या जातीचा, टेनरपेक्षा थोडा उंच नादाचा. त्याच्यासारखा नाद यंग आपल्या जाड टेनरवर काढू पाहत होता. वाद्य तसे नव्हते, म्हणून नक्कल हुबेहूब झाली नाही. आणि जी झाली नाही, तीतूनच यंगचा आवाज निघाला. शिवाय वडिलांच्या फिरत्या बँडमध्ये तो आधी ड्रम वाजवीत असे. त्या ड्रमची लयही त्याच्या सॅक्सोफोनात उतरली असावी, असे मला ऐकताना वाटते.

म्हणजे नक्कल दोन प्रकारची झाली. एक, जी आपण आवडीने धावत जाऊन करतो. दुसरी, जी दुसरा आपल्या गळ्यात बांधतो. पहिलीने माणूस वाढतो. दुसरीने, तो यंगसारखा चिवट नसेल, तर मुका होतो.

यात कोलमन हॉकिन्सचा काहीही दोष नव्हता, हे आवर्जून सांगितले पाहिजे. उलट तो मोठ्या मनाचा कलावंत. १९४४ साली नव्या पिढीचे अवघड वाटणारे संगीत लोक नावे ठेवून नाकारीत होते, तेव्हा याने त्या पोरांना आपल्या शेजारी बसवून तबकड्या काढल्या. दोष असतो तो एका माणसाच्या आवाजाला सर्वांचे माप ठरवण्यात.

आता दुसरी बाजू. आपल्यात जे उणे आहे, त्याचे काय करायचे?

माइल्स डेव्हिस हा कर्णा म्हणजे ट्रम्पेट वाजवणारा. जन्म १९२६. ईस्ट सेंट लुइस या गावच्या शाळेत त्याला एलवुड बुकॅनन नावाचे संगीतशिक्षक लाभले. त्या काळी कर्ण्यातून भरपूर कंप काढण्याची फॅशन होती आणि पोरगा तीच उचलू पाहत होता. बुकॅनन यांनी त्याला टोकले, आणि म्हटले ते साधारण या अर्थाचे, की म्हातारपणी थरथर आपोआप येणारच आहे, आत्तापासून कशाला थरथरतोस? सरळ वाजव. किती साधी गोष्ट! पण त्या मास्तरांनी पोराचा स्वतःचा स्वर आधी ऐकला होता, म्हणून त्यांना ती सुचली.

१९४४ साली माइल्स न्यूयॉर्कला गेला आणि पुढल्या वर्षी, एकोणिसाव्या वर्षी, चार्ली पार्करच्या मेळ्यात दाखल झाला. तिथे कर्ण्याचा बादशहा होता डिझी गिलेस्पी. डिझी उंच स्वरांत, भयंकर वेगाने वाजवी. माइल्सला ते जमत नव्हते. १९४५ च्या एका ध्वनिमुद्रणात 'को-को' नावाचा अतिशय अवघड तुकडा आला, तेव्हा कर्णा डिझीने वाजवला. जवळ उभ्या असलेल्या त्या पोराला काय वाटले असेल, याची कल्पना करा.

त्यापुढे त्याच्यासमोर दोन वाटा होत्या. डिझीसारखे व्हायचे म्हणून दमछाक करीत राहणे, ही एक. किंवा आपल्याला काय जमते, ते शांतपणे तपासणे. त्याने दुसरी धरली. मधले स्वर, कमी स्वर, आणि दोन स्वरांमधली शांतता. पुढे पुढे तर तो न वाजवूनच इतके सांगू लागला, की ऐकणारा जागीच खिळे. १९५९ साली त्याची 'काइंड ऑफ ब्लू' ही तबकडी निघाली. कॉर्डची गर्दी त्याने दूर केली आणि एकेका स्वरसप्तकावर वादकांना मोकळे सोडले. जॅझमधल्या सर्वांत अधिक खपलेल्या तबकड्यांत तिची गणना होते.

इथे एक धोक्याची सूचना दिली पाहिजे. उणेपणाचा आवाज होतो तो मेहनतीने. "मला जमत नाही, तीच माझी शैली" असे म्हणून आळशाने खुशाल बसू नये. माइल्सने डिझीचे वाजवणे बारकाईने ऐकले होते, पार्करच्या शेजारी रात्रीमागून रात्री उभे राहून मार खाल्ला होता. मगच त्याला निवड करण्याचा अधिकार आला.

आणि नकलेचाही एक भयंकर धोका आहे. पार्करला अफूपासून बनणाऱ्या हेरॉइनचे व्यसन होते. तो इतका थोर वाजवतो, ते त्यामुळेच, असे समजून कितीतरी तरुण त्या व्यसनात पडले. पार्कर १९५५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेला. त्याचे स्वर उचलणे कष्टाचे होते. व्यसन उचलणे सोपे होते. मोठ्या माणसाकडून काय उचलावे, याचे भान सुटले म्हणजे काय होते, त्याचा हा धडा.

त्या व्यसनात पडून बाहेर आलेला एक वादक म्हणजे सनी रॉलिन्स. १९३० चा जन्म, न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला. लहानपणापासून त्याचे दैवत कोलमन हॉकिन्स. पण त्याचे आईवडील कॅरिबियन समुद्रातल्या व्हर्जिन बेटांवरून आलेले. आई घरात तिकडची गाणी गुणगुणे. १९५६ साली रॉलिन्सने त्यातलीच एक चाल घेऊन तिला त्या बेटाचे नाव दिले, 'सेंट थॉमस'. आज जगभरचे जॅझवाले ती वाजवतात. दैवत हॉकिन्स असले, तरी आवाजात आईची चाल आली. स्वयंपाकघरात ऐकलेले सूर व्यासपीठावर आणायला त्याला लाज वाटली नाही.

याच रॉलिन्सची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी. १९५९ साली, कीर्ती शिखरावर असताना, त्याने जाहीर वादन बंद केले. लोक वाहवा करीत होते, पण स्वतःचे वाजवणे त्याला स्वतःला पुरेसे वाटत नव्हते. घरी रियाज करावा, तर शेजारी एक गरोदर बाई राहत होती. तिला त्रास नको. मग तो जवळच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊ लागला. खाली नदी, शेजारून धडधडत जाणाऱ्या आगगाड्या, आणि वाऱ्यात उभा राहून हा माणूस तासन्‌तास वाजवतो आहे. उन्हाळा म्हणू नका, हिवाळा म्हणू नका. १९६१ साली तो परत आला आणि पुढल्या वर्षी त्याने तबकडी काढली, तिचे नाव 'द ब्रिज', म्हणजे पूल. आवाज एकदा सापडला, की काम संपले असे नसते. आपण आपलीच नक्कल करू लागतो. टाळ्या पडतात, म्हणून तेच वळण पुन्हा. त्यातून बाहेर पडायला पुलावर जावे लागते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हा रॉलिन्स काही काळ आपल्या मुंबईत, पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल.

मुंबईचे नाव निघालेच आहे, तर तिथली गोष्ट सांगून मूळ मुद्द्याकडे येतो. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकन कृष्णवर्णीय वादकांचे जॅझ वाजू लागले. ते ऐकून गोव्याचे वादकही त्यात उतरले. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवीत, त्यामुळे समोर कागद ठेवला की ते बिनचूक वाजवीत. कठीण होते ते कागद बाजूला ठेवल्यावरचे. त्यांतले एक अंतोनियो झेव्हियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचे. लोक त्यांना चिक चॉकलेट या नावाने ओळखत, आणि हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. कर्ण्याचा तो थोर अमेरिकन वादक त्यांनी हुबेहूब उचलला होता, अगदी हातातल्या रुमालापर्यंत. पण त्यांचे नाव आज आपल्या कानांत आहे, ते त्या नकलेमुळे नव्हे. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर, यांच्याबरोबर त्यांनी हिंदी चित्रपटसंगीतात काम केले. १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटात ते आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतात. तिथे जॅझचा कर्णा आणि आपल्याकडची चाल यांची गाठ पडली, आणि जे निघाले ते ना न्यू ऑर्लिन्सचे, ना कुणाची नक्कल. आपली आजीसुद्धा त्यावर ताल धरी. तुमच्या वरातीतला सॅक्सोफोन आजही ती गाणी वाजवतो.

आता शिक्षकबंधुभगिनींनो, आरंभी दिलेले वचन पाळतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या प्रथम वर्षाच्या वर्गात एक मुलगा होता. आईबाप ऊसतोडीला जाणारे. 'माझे बालपण' या विषयावर त्याने निबंध लिहिला. त्यात कोपी होती, कोयता होता, मोळ्या होत्या, वाढं विकून आणलेला खाऊ होता. 'दिस उगवायच्या आधी आई फडात असायची,' असे त्याने लिहिले होते. मी लाल पेन घेतले. कोपी खोडून झोपडी केले. वाढं खोडून उसाचे शेंडे केले. दिस उगवायच्या आधी खोडून सूर्योदयापूर्वी केले. दहापैकी पाच गुण दिले, आणि खाली उपदेश लिहिला की, भाषा सुधारावी, अमक्या लेखकाचे ललितलेख वाचावेत. त्याने वाचले. पुढचा निबंध आला, त्यात सूर्योदयापूर्वीची रम्य शोभा होती, कोकिळेचे कूजन होते. कोपी कुठेच नव्हती. आईही नव्हती. मी त्याला आठ गुण दिले, आणि वर्गात वाचून दाखवला.

तीन वर्षांपूर्वी तो मला एसटी स्टँडवर भेटला. आता तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. वाकून नमस्कार केला. म्हणाला, "सर, तुम्ही माझी भाषा सुधारलीत. मीपण पोरांची तशीच सुधारतो बघा." पिशवीतून तपासायला नेत असलेली एक वही काढून त्याने कौतुकाने दाखवली. चौथीतल्या कुणा मुलीची वही. पानभर लाल रेघा होत्या. एका रेघेखाली पुसट वाचता येत होते, 'माझी आज्जी जात्यावर...' पुढचे मला वाचवले नाही. एवढ्यात त्याची गाडी लागली आणि तो गेला.

घरी येऊन मी लेस्टर यंगची तबकडी लावली. ती शेकडो वेळा ऐकलेली. पण त्या रात्री मला आठवली लिओरा हेंडरसन. भल्या मनाने रोज हॉकिन्स ऐकवणारी ती बाई. मला कळले, की इतकी वर्षे मी त्या घरातली तबकडी लावत बसलो होतो. यंग चिठ्ठी घेऊन निघून गेला. माझ्या विद्यार्थ्याला ते ठाऊक नव्हते. त्याने हॉकिन्स पाठ केला.

प्रमाणभाषा शिकवू नये, असे मी म्हणत नाही. ती शिकवलीच पाहिजे. ज्याला पट्टी ठाऊक नाही, त्याला उपज कुठली? चांगले उतारे पाठ करून घ्या, सुलेखन करून घ्या, पुस्तकातल्यासारखे लिहायलाही लावा. ती पहिली पायरी आहे. पण मग पुस्तक मिटायला सांगा. जॅझ शिकवणारे कधी कधी विद्यार्थ्याला तीनच स्वर देतात आणि म्हणतात, एवढ्यावर एक फेरी वाजवून दाखव. आपणही करून पाहावे. जे मुलाला ठाऊक आहे आणि गुरुजींना ठाऊक नाही, असे काहीतरी त्याला पाचच वाक्यांत लिहू द्यावे. घरचे अवजार, आजीचे काम, बापाची सवय. आणि त्या पाच वाक्यांवर लाल पेन उचलण्याआधी ती मोठ्याने वाचावी. बुकॅनन मास्तरांनी आधी पोराचा स्वर ऐकला होता, मग टोकले होते. क्रम तो ठेवावा.

माझा तो विद्यार्थी कदाचित आत्ता रेडिओ ऐकत असेल. शाळा सुटल्यावर तो रेडिओ ऐकतो, असे त्याने स्टँडवर सांगितले होते. गुरुजी, माझी तुम्हांला एक विनंती आहे. त्या मुलीची वही पुन्हा एकदा घ्या आणि तिच्या आज्जीची गोष्ट तिच्याकडून तोंडी ऐका. आणि सवड काढून तुमचा तो पहिला निबंध परत लिहा. कोपी कोपीच राहू द्या. लिहून झाला की माझ्याकडे पाठवा. गुण द्यायला नव्हे. त्या वेळी मी तो नीट ऐकला नव्हता. आता ऐकायचा आहे.